मोटारीचा रसविचार

उपयोगासाठीं निर्माण झालेली वस्तु कांहीं काळानें अभिरुचीचा विषय बनते, हा मानवी संस्कृतीचा नेहमींचा क्रम आहे. ऊन-पाऊस चुकविण्यासाठीं उभारलेल्या भिंतींतून वास्तुकला निघाली आणि पाणी सांठविण्यासाठीं घडविलेल्या घड्यावर नक्षी उमटली. मोटारीनें हाच प्रवास एका शतकाच्या आंत पुरा केला. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९९६ सालीं जॅग्वार ई-टाइप ही मोटार आपल्या संग्रहांत दाखल करून घेतली, तेव्हां चित्र आणि शिल्प यांच्या पंक्तीला यंत्र येऊन बसलें. अशा स्थितींत मोटारीविषयीं वाङ्मयीन मासिकांत चार शब्द लिहिले, तर विषयांतराचा दोष पदरीं येईल असें वाटत नाहीं.

प्रश्न असा आहे. इंग्लंडांतील एखाद्या मध्यम स्थितीच्या हौशी गृहस्थाजवळ एकाच मोटारीपुरता पैसा आहे. त्यानें विजेवर चालणारी नवी मोटार घ्यावी, कीं साठ वर्षांपूर्वींची एखादी नामांकित मोटार अथवा सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनीं जुळविलेली वेगवान गाडी घ्यावी? केवळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री २०३० पासून बंद करण्याचें ब्रिटिश सरकारनें २०२० सालीं जाहीर केलें. २०२३ सालीं ही मुदत २०३५ पर्यंत लांबविली आणि २०२५ सालीं पुनः २०३० वर आणली. म्हणजे जो प्रश्न काल केवळ हौसेचा होता, तो आज एका कलेच्या अस्तित्वाचा झाला आहे. या वादांत एक पक्ष हिशेबाची वही घेऊन बसतो, दुसरा पक्ष उसासे टाकतो. आपल्याकडे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नांवांभोंवतीं कलावाद आणि जीवनवाद यांचें जें द्वंद्व माजलें, त्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. त्या वादांत बहुतेकांची अडचण एकच होती: दोन निराळ्या प्रश्नांना एकच उत्तर हवें होतें. तीच अडचण येथेंहि आहे.

मोटारीकडे साहित्यिकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहिलें, हें प्रथम पाहणें उपयुक्त होईल. केनेथ ग्रॅहॅम यानें १९०८ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकांत मोटारवेडा बेडूकराव रंगविला. त्याच्या लेखीं मोटार म्हणजे सुखवस्तु माणसाला जडलेलें एक व्यसन होतें. पुढच्याच वर्षीं इटालियन कवि मारिनेत्ति यानें आपला भविष्यवादी जाहीरनामा पॅरिसच्या वृत्तपत्रांत छापला आणि शर्यतीची मोटार ही ग्रीक विजयदेवतेच्या सुप्रसिद्ध पुतळ्याहून सुंदर असल्याचा डंका पिटला. फ्रेंच टीकाकार रोलां बार्थ यानें १९५७ च्या आपल्या ग्रंथांत सित्रोएन मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक मंदिरांशीं केली; अज्ञात कारागिरांनीं घडविलेली आणि सर्व समाजानें मनोमन उपभोगलेली अशी ती कालाची महान् निर्मिति, असें त्याचें प्रतिपादन. एकानें वेडाची थट्टा केली, दुसऱ्यानें वेगाची पूजा केली, तिसऱ्यानें प्रतिमेचा अर्थ लावला. पण तिघांच्याहि दृष्टीला मोटार दिसते ती बाहेरून. ती कोणी जुळविली आणि जुळवितांना त्याच्या मनाचें काय झालें, हा प्रश्न त्यांना पडलेला नाहीं. तो प्रश्न विचारण्याची दृष्टि त्यांच्या फार पूर्वीं, १८५३ सालीं, रस्किन यानें व्हेनिसच्या वास्तूंवरील ग्रंथांत दिली होती. कारागिराचें मन ज्या कामांत मोकळें राहतें, त्या कामांतला ओबडधोबडपणा हा निर्जीव सफाईपेक्षां श्रेष्ठ, हा त्याचा सिद्धांत. मोटारीचें परीक्षण करावयाचें तर ही कसोटी हातीं घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं.

त्या कसोटीला उतरणारी मोटार बार्थच्या ग्रंथाच्याच वर्षीं, म्हणजे १९५७ सालीं, लंडनच्या प्रदर्शनांत अवतरली. तिचें नांव लोटस सेव्हन. तिचा जनक कॉलिन चॅपमन हा लंडन विद्यापीठांत बांधकामाचें शास्त्र शिकलेला तरुण एंजिनियर होता. त्यामुळें भार कोठें पडतो आणि कोठली सळई फुकट बसून खाते, हें त्याला चांगलें कळे. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, पुढें एंजिन, मागें दोन माणसांना कशीबशी पुरेल एवढी जागा. सर्व मिळून वजन सुमारें पांचशें किलो. यंत्र आधीं सोपें करावें आणि मग हलकें करावें, असें एक सूत्र त्याच्या नांवावर मोडतें. त्या सूत्राचें मूर्त उदाहरण म्हणजे ही गाडी.

ही गाडी सुट्या भागांच्या रूपानें विकली जाई, त्याचें कारण कलात्मक नसून करविषयक होतें. तयार मोटारीवर त्या काळीं इंग्लंडांत खरेदी-कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. अट एवढीच कीं, विकणाऱ्यानें जोडणीच्या सूचना द्यावयाच्या नाहींत. चॅपमननें म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनीं त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती मार्मिक आहे. १९७३ सालीं नवी करपद्धति आली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षीं लोटस कंपनीनें या गाडीचे हक्क कॅटरहॅम या व्यवसायाला दिले. आतां करांत कांहींच सूट नसतांना गाडी घरीं जुळविण्याचें प्रयोजन काय उरलें? तरीहि लोक पेट्या मागवीत राहिले. कर वांचविण्यासाठीं सुरू झालेली गोष्ट कर गेल्यावरहि चालू राहते, तेव्हां तिच्यांत कराहून मोठें कांहीं तरी सांपडलेलें असतें. जात्यावर बसलेल्या बाईला दळणाचा शीण घालविण्यासाठीं ओवी हवी होती. दळण गेलें तरी ओवी उरली, त्यांतलाच हा न्याय.

तें सांपडलेलें कांहीं तरी म्हणजे आकलनाचा आनंद. सहा-आठ आठवड्यांच्या संध्याकाळीं गॅरेजमध्यें घालवून ज्यानें स्वतः प्रत्येक नटबोल्ट आवळला, त्याला पुढें गाडी चालवितांना चाकाखालचा खडा हातांत जाणवतो आणि तो तसा कां जाणवतो हेंहि ठाऊक असतें. १९९६ सालीं रॉन चॅम्पियन या शिक्षकानें अगदीं थोड्या पैशांत अशीच गाडी घरीं बांधण्याचें पुस्तक लिहिलें. मोडीत निघालेल्या जुन्या गाडीचें एंजिन आणि नळ्यांचें वेल्डिंग शिकण्याची तयारी एवढ्या भांडवलावर पुष्कळांनीं आपापल्या गाड्या उभ्या केल्या. रस्किनला मोटार आवडली असती असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. पण त्या गॅरेजमधील माणसाला त्यानें आपल्या कारागिरांत गणलें असतें.

म्हणून या गाडीचे दोष झांकावे असें मात्र नाहीं. पाऊस आला कीं तिचें छप्पर म्हणजे एक विनोद. तींत सामान मावत नाहीं, लहान मूल नेतां येत नाहीं, अपघातांत आजच्या गाड्यांइतकें संरक्षण नाहीं. जुन्या नामांकित गाड्यांची गोष्टहि याहून फारशी निराळी नाहीं. त्यांच्या सौंदर्यावर लुब्ध झालेले लोक त्यांच्या धुराविषयीं मौन पाळतात. धूर हा काव्यांतील दुर्बोधतेसारखा दोष नव्हे. दुर्बोध कविता न वाचण्याची मोकळीक वाचकाला असते. रस्त्याच्या कडेनें शाळेला जाणाऱ्या मुलाला श्वास न घेण्याची मोकळीक नसते. जिच्या आस्वादाची किंमत आस्वादाबाहेरच्या माणसाला मोजावी लागते, अशा कलेला नीतीचा प्रश्न टाळतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. विजेची मोटार ही कालपरवांची नवलाई आहे, असा अनेकांचा समज असतो. ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगांतील पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ सालीं बेल्जियन शर्यतपटु कामिय जेनात्सि यानें पॅरिसजवळ आपली तोफगोळ्याच्या आकाराची गाडी ताशीं १०५ किलोमीटरांवर नेली. तिचें नांव त्यानें 'कधींहि संतुष्ट नसलेली' अशा अर्थाचें ठेवलें होतें. पेट्रोलची गाडी हातानें दांडा फिरवून सुरू करावी लागे, तोंवर विजेच्या गाडीला शहरांत मान होता. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला. दांडा गेला आणि त्याबरोबर विजेच्या गाडीचें तें वैशिष्ट्यहि गेलें. विजेनेंच विजेच्या मोटारीचा घात केला, असा हा इतिहासाचा उपरोध आहे.

तिचे गुण उघड आहेत. पेट्रोलमधील शक्तीपैकीं तीन-चतुर्थांश भाग एंजिनांत उष्णता होऊन वायां जातो. विजेच्या मोटारींत बॅटरींतील शक्तीचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोंचतो, आणि गाडी थांबवितांना त्यांतला कांहीं परत बॅटरींत भरतां येतो. गाडीच्या मागें धूर नाहीं. हिंदुस्थानांत बहुतांश वीज कोळशापासून होत असल्यामुळें धुराचें स्थळ बदललें एवढेंच, असा आक्षेप निघतो. त्यांत तथ्य आहे. पण वीज पुढें सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून घेतां येईल, पेट्रोल मात्र पेट्रोलच राहील. शिवाय गर्दीच्या गल्लींत मुलाच्या नाकाशीं धूर सोडणें आणि दूरच्या चिमणींतून तो सोडणें, यांत आरोग्याच्या दृष्टीनें पुष्कळ फरक आहे. कर्तव्याच्या बाजूनें पाहिलें तर रोजच्या प्रवासाकरितां विजेच्या गाडीचा पक्ष भक्कम आहे, हें मान्य करावें लागेल.

परंतु टीकाकाराचें काम एवढ्यावर संपत नाहीं. आजच्या विजेच्या मोटारीचा वंशवृक्ष पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. टेस्ला कंपनीची पहिली मोटार, २००८ सालची रोडस्टर, ही लोटसच्याच इलीज या गाडीवर आधारलेली होती आणि तिचा सांगाडा इंग्लंडांत हेथेल येथें लोटसच्या कारखान्यांत तयार होई. म्हणजे ही कन्या चॅपमनच्याच घराण्यांतील. १९९६ सालची मूळ इलीज साडेसातशें किलोंच्या आसपास होती. रोडस्टरमध्यें ६,८३१ लहान विद्युत्‌घट बसले आणि वजन साडेबाराशें किलोंच्या घरांत गेलें. यांत रचनाकारांचा आळस नव्हता. एक किलो पेट्रोलमध्यें सुमारें बारा युनिट शक्ति सांठलेली असते. एक किलो बॅटरींत युनिटचा पांचवा हिस्सा, फार तर थोडा अधिक. म्हणजे मैल वाढवावे तर वजन वाढतें आणि वजन वाढलें कीं तें वाहून नेण्याला आणखी बॅटरी लागते. पुढें तर दोन टनांची कुटुंबगाडी ही सामान्य गोष्ट झाली. जी गाडी तीन-चार सेकंदांत ताशीं शंभरावर जाते, ती वेगवान खरीच. पण वेग आणि लाघव या दोन वस्तु आहेत. पैलवान जोरानें धांवला म्हणून त्याला कोणी नर्तक म्हणत नाहीं.

याहूनहि लक्षणीय असा दुसरा दोष आहे. विजेची गाडी निसर्गतः शांत आहे. तिची ही शांतता पादचाऱ्याला घातक ठरूं नये म्हणून युरोपांत २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीला मंद गतीच्या वेळीं कृत्रिम ध्वनि काढणें सक्तीचें झालें. हा ध्वनि समंजस आहे. आंधळ्या माणसाला वाजवून दाखविलेली ती काठी आहे. पण कांहीं कारखानदार तेथें थांबले नाहींत. ह्युंदाईच्या २०२३ सालच्या एका वेगवान विजेच्या गाडींत नसलेलें एंजिन गर्जना करतें आणि नसलेले गिअर बदलतांना गाडी मुद्दाम हिसका देते. आपल्या साहित्यशास्त्रांत अशा प्रकाराला एक नेमका शब्द आहे: रसाभास. जेथें रसाचें आलंबनच अनुचित असतें, तेथें अनुभाव कितीहि हुबेहूब वठविले तरी रस निष्पन्न होत नाहीं, त्याची सांवली तेवढी पडते. क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्य हें काव्याचें जीवित मानलें. गळ्यांत मेखला आणि कमरेला हार घालणारी स्त्री हंसें करून घेते, तसेंच स्वतःचें मौन सोडून दुसऱ्याची डरकाळी उसनी घेणाऱ्या यंत्राचें होतें. विजेच्या गाडीला स्वतःचें सौंदर्य नाहीं असें नव्हे; तें तिनें अजून शोधावयाचें आहे. प्रत्येक नवें माध्यम आरंभीं जुन्याची नक्कल करतें. आपल्या आरंभींच्या कादंबरीनेंहि संस्कृतांतील अद्भुताची झूल पांघरलीच होती.

औचित्याचाच प्रश्न तिसऱ्या एका पर्यायापाशीं अधिक तीव्र होतो. जुनी देखणी गाडी घ्यावी, तिचें एंजिन काढून टाकावें आणि तेथें बॅटरी व विजेची मोटर बसवावी, म्हणजे सौंदर्यहि राहिलें आणि धूरहि गेला, असा हा समझोता. जॅग्वार कंपनीनें स्वतःच २०१७ सालीं ई-टाइपचा असा अवतार दाखविला आणि दुसऱ्या वर्षीं विंडसरच्या राजघराण्यांतील विवाहानंतर तो साऱ्या जगानें पाहिला. गाडी डोळ्यांना सुरेख दिसली यांत संशय नाहीं. परंतु जुन्या वाहनांचें जतन करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१९ सालीं असें मत दिलें कीं, असें रूपांतर झालेली गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून मानतां येणार नाहीं. हा निर्णय कठोर वाटला तरी योग्य आहे. भाषांतरानें मूळ ग्रंथ नष्ट होत नाहीं, म्हणून आपण भाषांतराचें स्वागत करतों. येथें मात्र मूळ पोथी खरडून तिच्याच पानांवर नवा मजकूर लिहिलेला असतो. ई-टाइपचा तो लांब पुढचा भाग तसा लांब होता, कारण त्याखालीं सहा सिलिंडरांचें एंजिन ओळीनें बसलें होतें. आशय काढून घेतल्यावर तो आकार केवळ अलंकार उरतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जिचें एंजिन केव्हांच निकामी झालें आणि जी गोठ्यांत गंजत पडली होती, तिला वीज देऊन रस्त्यावर आणली तर त्यांत पाप कोणतें? पाप कांहींच नाहीं. ज्या नाटकाचा तिसरा अंक हरवला, त्याला नवा अंक जोडून प्रयोग करावा; पण तो मूळ कवीच्या नांवावर खपवूं नये. अट एवढीच कीं, अखंड असलेली संहिता कोणी फाडूं नये आणि जें काढलें तें पुनः बसवितां येईल असें ठेवावें.

मग निर्णय काय? येथें थोडा हिशेब केलाच पाहिजे, आणि तो गंमतीचा आहे. जुनी गाडी किलोमीटरला सुमारें दोनशें ग्रॅम कर्बवायु सोडते असें धरलें आणि मालकानें ती वर्षांतून पांचशें किलोमीटर हिंडविली, तर वर्षाला शंभर किलो होतात. एक नवी विजेची गाडी बॅटरीसह तयार करतांनाच दहा टनांच्या आसपास वायु बाहेर पडतो असें धरूं. म्हणजे रविवारच्या फेरीपुरती वापरलेली जुनी गाडी मोडून तिच्या जागीं नवी घेणाऱ्याला हा आरंभींचा खर्च भरून काढण्यास शंभर वर्षें लागतील. उलट तीच जुनी गाडी रोज कामावर जाण्यासाठीं वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालविली, तर वर्षाचे तीन टन होतात, आणि नवी गाडी घेणें थोड्याच वर्षांत सार्थ ठरतें. पाप गाडींत नाहीं, तिच्या वापरांत आहे. वर उल्लेखिलेल्या महासंघाच्या व्याख्येंतहि ऐतिहासिक वाहन म्हणजे तीस वर्षांहून जुनें, मूळ स्वरूपांत जतन केलेलें आणि रोजच्या वाहतुकीस न वापरलें जाणारें, असेंच म्हटलें आहे. आपल्या सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील वाहनांना जी स्वतंत्र नोंदणी दिली, तिच्यांतहि नित्याच्या वापराला मज्जाव असून प्रदर्शन, संशोधन, रॅली अशा कारणांपुरतीच मुभा आहे. कायद्यानें येथें रसिकाचें काम केलें आहे: ग्रंथालयांतील दुर्मिळ पोथी वाणसामानाच्या पुड्यांना वापरूं नये, एवढेंच त्यानें सांगितलें.

तेव्हां ज्याच्याजवळ एकाच गाडीचा पैसा आहे आणि जिला रोज रस्त्यावर काढावयाची आहे, त्यानें विजेची गाडी घ्यावी. ज्याचा रोजचा प्रवास आगगाडीनें किंवा पायीं भागतो, त्यानें खुशाल पेट्या मागवाव्या आणि गॅरेजचा दिवा लावावा. त्याच्या हातून जगाचें नुकसान थोडें आणि त्याच्या मुलांचें शिक्षण पुष्कळ होईल. जुनें सुरेख यंत्र ज्याच्या हातीं आलें असेल, त्यानें त्याला विश्वस्ताप्रमाणें सांभाळावें.

पण हा निर्णय देऊनहि एक बोच उरते. जुन्या गाडीच्या चाहत्याला ज्याचें खरें दुःख आहे, तें आवाजाचें नाहीं आणि पेट्रोलच्या वासाचेंहि नाहीं. आजच्या गाडीचें बॉनेट उघडलें तर आंत एक बंद पेटी दिसते. तिला हात लावूं नये अशी सूचना असते आणि बिघाड झाल्यास संगणकाला विचारावें लागतें. मालक हा मालक राहिला नाहीं, भाडेकरू झाला. घरांतील मुलानें 'हें कसें चालतें?' असें विचारलें, तर बापाजवळ उत्तर नाहीं. ही हानि खरी आहे, आणि ती विजेच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें आहे. विजेची मोटर ही पेट्रोलच्या एंजिनाहून कितीतरी सोपी वस्तु आहे. तींत हलणारे भाग थोडे. तिला अगम्य केलें तें निसर्गानें नव्हे, विक्रेत्यानें. याच कॅटरहॅमनें २०२३ सालीं आपल्या सेव्हनचा एक विजेचा प्रयोग सातशें किलोंच्या आंतबाहेर वजन राखून करून दाखविला. म्हणजे वीज आणि लाघव यांचें वैर जन्मजात नाहीं.

खरी निवड पेट्रोल आणि वीज यांच्यामध्यें नाहीं, ती समजणारें यंत्र आणि न समजणारें यंत्र यांच्यामध्यें आहे. चॅपमनच्या गाडीकडून उद्याच्या विजेच्या गाडीनें घ्यावयाचें तें तिची गर्जना नव्हे. तिचा हलकेपणा आणि तिचा मोकळेपणा. सुटी करण्याच्या सूचना उलट वाचून जी पिढी यंत्र जोडावयास शिकली, तिच्या नातवंडांना निदान पेटी उघडण्याचा अधिकार असावा. तो त्यांना मिळेल, तेव्हां विजेच्या मोटारीलाहि तिचा रस्किन भेटेल.